‘हलू नकोस!’ : बालकांच्या छायाचित्रांची कहाणी

घरांना आशीर्वाद देण्याच्या निमित्ताने धर्मग्रामातील बहुतेक सर्व घरांत बसण्या-बोलण्याचा योग आम्हांला दरवर्षी येतो. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीसमोर प्रार्थना होते, पवित्र पाणी शिंपडले जाते आणि मग चहा येईपर्यंत आमची नजर भिंतीवरच्या छायाचित्रांकडे वळते. खुर्चीत बसलेले आजोबा, शेजारी लुगडे नेसलेली आजी आणि त्या दोघांच्या मध्ये उंच स्टुलावर ताठ बसवलेले एखादे चारपाच वर्षांचे मूल! हात गुडघ्यांवर, डोळे विस्फारलेले, ओठ घट्ट मिटलेले. ‘‘हे आमचे बाबा, फादर. लहानपणी फार खोडकर होते म्हणे,’’ असे घरातील कुणीतरी सांगते. त्या छायाचित्रात मात्र खोडकरपणाचा मागमूसही नसतो.

तेवढ्यात आजच्या पिढीतील खोडकर मूल आमच्या झग्याला ओढून पळून जाते. त्याला पकडून आणले जाते. मोबाइल सरसावला जातो. ‘‘फादरच्या बाजूला नीट उभा राहा, हात खाली, इकडे बघ, हस!’’ आणि पाहता पाहता ते हसतेखेळते मूल स्टुलावरच्या आजोबांसारखे ताठ होते. मधल्या काळात यंत्र पार बदलले. आपली आज्ञा मात्र तीच राहिली. ही आज्ञा आली कोठून आणि तिची गरज कधी संपली, हे पाहण्यासाठी छायाचित्रणाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

यंत्राची अट

सन १८३९च्या ऑगस्ट महिन्याच्या १९ तारखेस पॅरिस येथे लुई दागेर यांची छायाचित्रणाची पद्धती जगापुढे जाहीर करण्यात आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर हे चित्र उमटत असे आणि भर उजेडातही त्यास कित्येक मिनिटे लागत. दागेर यांनी १८३८ साली पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले होते. त्या चित्रात रस्ता जवळजवळ ओस दिसतो. वस्तुतः त्या वेळी रस्त्यावरून माणसे आणि घोडागाड्या जात होत्या. परंतु जे जे हलत होते त्याची खूण पत्र्यावर राहिलीच नाही. एका कोपऱ्यात जोड्यांना पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस तेवढा उमटला. जो थांबला तो राहिला, जो हलला तो नाहीसा झाला. या नव्या कलेचा हा पहिला नियम होता, आणि मूल तर हलण्यासाठीच जन्मलेले!

पुढील काही वर्षांत भिंगे सुधारली, रसायने सुधारली आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आले. शहराशहरांतून स्टुडिओ निघाले. तरीही ते काही सेकंद मोठ्या माणसालाही जड जात. म्हणून खुर्चीच्या मागे लोखंडी दांडा उभा करून त्याच्या चिमट्यात डोके मागून अडकवून ठेवीत. जुन्या छायाचित्रांतील माणसे इतकी गंभीर का दिसतात, याच्या अनेक कारणांपैकी हे एक कारण आहे. हास्य फार वेळ धरून ठेवता येत नाही. गांभीर्य धरून ठेवता येते.

तान्ह्या मुलांचे काय? त्यांच्यासाठी चिमटा उपयोगी नव्हता. तेथे आईच कामी येई. आईला खुर्चीसारखे बसवून तिच्यावर डोक्यापासून पायांपर्यंत कापड पांघरीत आणि मुलाला तिच्या मांडीवर ठेवीत. चित्र तयार झाले की चौकटीच्या पुठ्ठ्याने शक्य तेवढी आई झाकून टाकीत. युरोप-अमेरिकेत अशी असंख्य छायाचित्रे आजही सापडतात. नीट पाहिले तर बाळाच्या मागे कापडाखाली माणसाचा आकार दिसतो, कधी बाळाला धरून ठेवणारा हातही दिसतो. मुलाचे छायाचित्र निघावे म्हणून स्वतः नाहीशी होणारी ती आई पाहिली म्हणजे मन भरून येते. त्या काळी बालमृत्यू घरोघरी होते. पुष्कळ कुटुंबांनी मुलाचे एकमेव छायाचित्र काढवून घेतले ते त्याच्या मृत्यूनंतर. तेव्हा मात्र त्याला ‘हलू नकोस’ असे सांगावे लागले नाही.

ही कला आपल्याकडेही लवकरच आली. सन १८५४मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि त्यानंतर लगेच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रण शिकविले जाऊ लागले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचे नाव त्या पहिल्या पिढीतील छायाचित्रकारांत घेतले जाते. तेव्हा ताठ बसण्याची सवय आपल्या पूर्वजांनाही प्रारंभापासूनच लागली, असे म्हणावयास हरकत नाही.

पंख लावलेली मुले

यंत्र संथ असतानाही बालकांत काही वेगळे पाहण्याचा प्रयत्न करणारी माणसे होती. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंचा जन्म १८१५ साली कलकत्त्यात झाला. वयाच्या ४८व्या वर्षी, इंग्लंडमध्ये असताना, मुलीने आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. त्यांनी आपल्या घरातील मोलकरणीला पवित्र मरियेच्या रूपात बसवून तिच्या कुशीत शेजारपाजारची मुले दिली आणि ‘माता व बालक’ या विषयावर पुष्कळ छायाचित्रे घेतली. त्यांतील मुले कधी पेंगुळलेली आहेत, कधी हलल्यामुळे पुसट झाली आहेत. त्या काळच्या जाणकारांनी हा दोष मानला. आज त्याच पुसटपणात आपल्याला जिवंतपणा जाणवतो. परंतु कॅमेरॉनबाईही काही कमी हट्टी नव्हत्या. नात्यातील लहान मुलींच्या पाठीला हंसाचे जड पंख बांधून त्या त्यांना देवदूत बनवीत. त्यांपैकी एका मुलीने मोठेपणी त्या पंखांच्या ओझ्याची आठवण लिहून ठेवली आहे. नाताळच्या नाटुकल्यात आपणही मुलांना पुठ्ठ्याचे पंख लावतो. त्या मुलींची तक्रार आपल्याला समजण्यासारखी आहे.

मुलाचा खरा भाव पकडणे किती अवघड होते याचे आणखी एक उदाहरण देता येईल. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील रडणाऱ्या बाळाचे, ऑस्कर रेलँडर यांचे चित्र तुफान लोकप्रिय झाले. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की, ते मूळ छायाचित्रावरून हाताने रेखाटलेल्या चित्राचे छायाचित्र होते! बाळाचे रडणेसुद्धा हाताने पूर्ण करावे लागले होते.

लिझ्यूच्या तेरेजेचे दोन चेहरे

आपणा कॅथलिक कुटुंबांना जवळचे वाटावे असे उदाहरण म्हणजे बाळयेशूची संत तेरेजा. तिचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील अलाँसाँ येथे झाला. लुई आणि झेली मार्टिन या दांपत्याला नऊ अपत्ये झाली. त्यांपैकी चार बालपणीच निवर्तली. १८७६च्या जुलै महिन्यात साडेतीन वर्षांच्या तेरेजेला छायाचित्र काढण्यासाठी नेण्यात आले. एरवी सदा हसरी असणारी ही पोर त्या दिवशी ओठ काढून रडवेली झाली आणि तिची सारखी समजूत घालावी लागली, असे तिच्या आईने पत्रातून कळविले आहे. ते छायाचित्र आज उपलब्ध आहे. त्यात भावी संत दिसत नाही. अनोळखी खोलीत, अनोळखी माणसापुढे उभी केलेली एक लहान मुलगी दिसते. पुढच्याच वर्षी, २८ ऑगस्ट १८७७ रोजी, तिची आई वारली.

तेरेजा लिझ्यूच्या कार्मेल मठात गेली. १८९४ साली तिची बहीण सेलिन त्याच मठात दाखल झाली ती वरिष्ठांच्या अनुमतीने आपला कॅमेरा घेऊन. बंदिस्त मठातील भगिनींची छायाचित्रे एका भगिनीनेच काढावीत, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. कपडे धुताना, वाळलेले गवत गोळा करताना, अंगणातील क्रूसाभोवती जमलेल्या अशा त्या भगिनी सेलिनने टिपल्या. मात्र तिच्या कॅमेऱ्यापुढेही काही सेकंद निश्चल राहावे लागे. १८९७ साली तेरेजा क्षयाने मरण पावली. तिची कीर्ती जगभर पसरू लागली तेव्हा सेलिनला वाटले की, या छायाचित्रांत आपल्या बहिणीचा खरा चेहरा आलेलाच नाही. ताटकळून बसल्यामुळे तो आखडला आहे. मग तिने कुंचला हाती घेतला आणि चेहरा अधिक कोमल, अधिक मधुर केला. अनेक दशके जगभरातील चर्चमध्ये आणि घरांत पोहोचली ती हीच सुधारलेली रूपे. १९६१ साली फादर फ्रान्स्वा द सेंत-मारी यांनी मूळ छायाचित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा रुंद जबड्याची, निर्धारी, किंचित मिश्किल अशी एक तरुणी जगाने प्रथमच पाहिली.

सेलिनचा हेतू प्रेमाचाच होता. परंतु प्रेमापोटी आपण माणसाचा चेहरा कसा बदलून टाकतो, याचाही हा पुरावा आहे. भक्तांना आज तो मूळ चेहराच अधिक जवळचा वाटतो, कारण तो एका खऱ्या माणसाचा आहे. १८७६चे ते रडवेले छायाचित्र वाया गेले, असे आज कोण म्हणेल?

कॅमेरा घरात आला

१८७०च्या दशकात जिलेटिनच्या कोरड्या काचा निघाल्या आणि चित्र सेकंदाच्या अंशात निघू लागले. यंत्राची अट येथेच संपली. मूल आता हलले तरी चालणार होते. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा विक्रीस आणला. त्यात १०० चित्रांची फिल्म भरलेली असे. ती संपली की कॅमेराच कारखान्याकडे पाठवून द्यावयाचा. किंमत २५ डॉलर, म्हणजे श्रीमंतांचेच काम. परंतु १९०० साली त्याच कंपनीने ‘ब्राउनी’ नावाची साधी पेटी अवघ्या एका डॉलरला बाजारात आणली. हिची जाहिरात मुलांसाठी होती! ज्याला साठ वर्षे ‘हलू नकोस’ म्हणून दटावले, त्याच्याच हाती आता कॅमेरा आला.

मुलाच्या हाती कॅमेरा आला म्हणजे काय घडते, याचे उत्तर फ्रान्सच्या झाक आँरी लार्तिग याने दिले. १८९४ साली जन्मलेल्या या मुलाला सातआठ वर्षांचा असताना वडिलांनी कॅमेरा दिला. त्याने आपल्या घरातील धावणारी, उड्या मारणारी, पाण्यात पडणारी माणसे टिपली. १९०५ साली जिन्यावरून जणू हवेत तरंगत येणारी त्याची नात्यातील बहीण आजही पाहणाऱ्याला हसवते. तो परका नव्हता, म्हणून कुणी आखडले नाही. ही चित्रे पुढे पन्नासहून अधिक वर्षे घरच्या अल्बमांतच राहिली. १९६३ साली न्यू यॉर्कमध्ये प्रदर्शन भरले तेव्हा जगाला त्यांची ओळख झाली.

जर्मनीतील ओस्कार बार्नाक हा कारागीर प्रकृतीने अशक्त होता. काचांची जड पेटी डोंगरदऱ्यांतून वाहून नेणे त्याला झेपत नसे. म्हणून त्याने खिशात मावणारा कॅमेरा बनविला. तोच पुढे १९२५ साली ‘लायका’ या नावाने विक्रीस आला. या छोट्या यंत्राने त्याने काढलेल्या सुरुवातीच्या छायाचित्रांत त्याची स्वतःची मुले आहेत. एका दुबळ्या माणसाच्या अडचणीतून घरगुती छायाचित्रणाला मोकळीक मिळाली, यात आम्हांला दैवी योजनेचा स्पर्श जाणवतो.

आपली घरे, आपले रोल

मग आपल्याकडील मुले नंतरही इतकी वर्षे ताठच का राहिली? आमच्या मते त्याचे कारण यंत्रात नव्हते, खिशात होते. आमच्या बालपणी गावात एखाद्याच घरी आग्फा क्लिक-थ्री असे. एका रोलमध्ये १२ फोटो. तो रोल नाताळात भरावयाचा, कुणाच्या तरी लग्नात पुढे सरकवावयाचा, प्रथम कम्युनियनच्या दिवशी संपवावयाचा आणि मग शहरात धुवायला द्यावयाचा. अशा बारांतील एक फोटो मुलाने डोळे मिटून ‘फुकट’ घालविला तर घरच्यांनी रागवावे, हे स्वाभाविकच होते. शिवाय फोटो म्हणजे प्रतिष्ठा. इस्त्रीचे कपडे, तेल लावून चोपलेले केस, नवे बूट. त्या ताठपणामागे गरिबीतून वर आलेल्या कुटुंबाचा स्वाभिमान उभा असे. आम्ही त्याची थट्टा करणार नाही.

परंतु आज फिल्म नाही, रोल नाही, धुण्याचा खर्च नाही. ज्या कोडॅक कंपनीने हे युग सुरू केले तिने २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. मोबाइलवर फोटोंना मोजदाद उरलेली नाही. तरीही मुलाला ताठ उभे करण्याची रीत सुटत नाही. पूर्वी यंत्राला स्थिरता हवी होती, नंतर खिशाला हवी होती. आता ती केवळ आपल्याला हवी आहे. मूल जसे आहे तसे नव्हे, तर जसे दाखवावेसे वाटते तसे आपल्याला हवे असते.

एका आईची निवड

येथे आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात सेवेला असताना प्रथम कम्युनियनचा सोहळा झाला. मिस्सानंतर वेदीपुढे मुलांची रांग लावण्यात आली. रांग काही केल्या सरळ होईना. त्या दिवशी सर्वांत मोठ्या आवाजात कोण ओरडले असेल तर ते आम्हीच. छायाचित्र उत्तम निघाले. वर्ष उलटण्यापूर्वीच त्या रांगेतील एक मुलगा आजाराने देवाघरी गेला.

त्याची आई एके दिवशी कार्यालयात आली. घरी रांगेचा फोटो होता, स्टुडिओतला फोटोही होता. म्हणाली, ‘‘फादर, दोन्हींत त्याचा चेहरा आहे, पण तो नाही. घरी तो असा कधी उभाच राहिला नाही हो.’’ छायाचित्रकाराने बाद ठरवलेले काही फोटो एका पाकिटात कपाटात पडून होते. ते आम्ही तिच्यापुढे ठेवले. एका फोटोत रांग मोडली होती. तिचा मुलगा शेजारच्या सोबत्याकडे वळून हसत होता; डोळे अर्धे मिटलेले, हातातली मेणबत्ती वाकडी. तिने तो फोटो बराच वेळ हातात धरून ठेवला आणि एवढेच म्हणाली, ‘‘हाच.’’ तो मोठा करून आम्ही तिला दिला. आज तिच्या घरी भिंतीवर तोच आहे.

ज्या क्षणाला आम्ही बेशिस्त म्हणून ओरडलो, तोच त्या आईच्या वाट्याला उरलेला खरा क्षण होता. त्या दिवसापासून आम्ही रांगा लावताना ओरडणे सोडले आहे.

पाठमोरी दोन मुले

विसाव्या शतकातील बालकांच्या एका विख्यात छायाचित्रात मुलांचे चेहरेच दिसत नाहीत. अमेरिकेचा युद्धछायाचित्रकार यूजीन स्मिथ १९४५ साली ओकिनावाच्या लढाईत तोफगोळ्याच्या तुकड्यांनी गंभीर जखमी झाला. अनेक शस्त्रक्रिया झाल्या. कॅमेरा हाती धरणेही कठीण झाले. १९४६ साली एके दिवशी तो आपल्या दोन लहान मुलांच्या मागोमाग झाडीतून चालला होता. युद्धात इतके मरण टिपल्यानंतर आपले पहिले छायाचित्र कोमलतेचे असावे, अशी त्याची इच्छा होती. मुले आपल्याच नादात झाडांच्या अंधारातून उजेडाकडे निघाली होती. त्याने वेदना सोसत त्यांना पाठमोरे टिपले. १९५५ साली न्यू यॉर्क येथे ६८ देशांतील ५०३ छायाचित्रांचे ‘मानवाचे कुटुंब’ हे प्रदर्शन भरले, त्याचा शेवट याच चित्राने झाला. त्याने मुलांना थांबवले नाही, वळायला सांगितले नाही. तो त्यांच्या मागून चालला, एवढेच.

या साऱ्या इतिहासातून घरच्या उपयोगाचे काही हाती लागते का? लागते. लार्तिग, बार्नाक, स्मिथ हे तिघेही आपल्याच माणसांत होते. त्यांना कुणी बोलावून आणले नव्हते. तेव्हा मुलाचा फोटो काढणाऱ्याने आधी त्याच्याबरोबर थोडा वेळ घालवावा. जमिनीवर बसावे, म्हणजे मुलाला मान वर करावी लागत नाही आणि त्याचे जग त्याच्या उंचीवरून दिसते. त्याच्या हाताला काही काम असावे: शेंगा सोलणे, आजीची वेणी घालणे, नाताळच्या गोठ्यासाठी गवत गोळा करणे. खिडकीजवळचा किंवा ओटीवरचा सौम्य उजेड पुरेसा असतो. भुकेल्या किंवा पेंगुळलेल्या मुलाला उभे करू नये. ‘हस’ असे सांगू नये. हसण्यासारखे काही घडू द्यावे. आईनेही कापडाखाली लपू नये, म्हणजे सदैव कॅमेऱ्यामागे राहू नये. मुलांना उद्या तीही हवी असेल. आणि काढलेला प्रत्येक फोटो जगाला दाखवलाच पाहिजे असे नाही. मुलाचा चेहरा ही त्याची ठेव आहे. आपण तिचे राखणदार आहोत.

शुभवर्तमानकार मार्क याने दहाव्या अध्यायात लहान मुलांना येशूकडे आणल्याचा प्रसंग सांगितला आहे. शिष्यांना व्यवस्था हवी होती, म्हणून ते दटावू लागले. शिष्यांची ही चूक आम्हां धर्मगुरूंच्या हातून आजही घडते. प्रभूने मात्र मुलांना नीट उभे राहायला सांगितले नाही. त्याने त्यांना कवेत घेतले. धुळीने माखलेली, चुळबुळणारी, कदाचित रडणारीही ती मुले जशी होती तशीच त्याला हवी होती.

येत्या सणाला घरोघरी कुटुंबे जमतील, मोबाइल निघतील, रांगा लागतील. आजोबांच्या मानासाठी एक फोटो रांगेचा अवश्य काढावा. मग रांग मोडू द्यावी, आणि त्यानंतर जे घडेल ते प्रेमाने पाहत राहावे. उद्या घरातील कुणाला तरी त्याचीच आठवण येणार आहे.